पडद्यावरची स्ट्रिपर: ‘मला असं वाटतं’पासून रिसर्च क्वेश्चनपर्यंत

‘सिनेमात स्ट्रिपर्सना नेहमी वाईटच दाखवतात.’ हे वाक्य चहाच्या टपरीवर चालून जातं. प्रपोजलमध्ये लिहिलंत तर गाईड पहिल्याच मीटिंगला तीन प्रश्न विचारतील. नेहमी म्हणजे किती वेळा? वाईट म्हणजे नक्की काय? आणि कोणत्या सिनेमांत? या तीन प्रश्नांची उत्तरं देता येत नसतील, तर तुमच्याकडे विषय आहे, पण रिसर्च क्वेश्चन अजून नाही.

पीएचडीची तयारी करणाऱ्या अनेकांचं घोडं इथेच अडतं. पेट पास होतात, विषयही चांगला असतो, पण ‘असं वाटतं’ आणि ‘असं दाखवता येतं’ यातलं अंतर कसं कापायचं ते कुणी सांगत नाही. म्हणून आज एकच विषय घेऊन ते अंतर पायरीपायरीने कापू. विषय थोडा संकोचाचा वाटेल, पण मुद्दामच घेतलाय. ज्या माणसांबद्दल प्रत्येकाचं मत असतं आणि ओळख जवळजवळ कुणाचीच नसते, त्यांच्यावर संशोधन करताना पद्धत ढिली पडण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

पायरी १: आधी व्याख्या

स्ट्रिपर म्हणजे कोण? अमेरिकेत १९२० आणि ३० च्या दशकांत बर्लेस्क नावाच्या रंगमंचीय करमणुकीत स्ट्रिपटीज लोकप्रिय झाली. जिप्सी रोझ ली ही त्यातली सर्वात गाजलेली कलाकार. तिच्या आत्मचरित्रावर आधी म्युझिकल आलं आणि मग १९६२ साली सिनेमा. आजची स्ट्रिपर मात्र बहुतेक वेळा क्लबमध्ये काम करते: स्टेजवर पोल, खाली टेबलं, आणि एकेका गिऱ्हाइकासाठी वेगळे पैसे घेऊन केलेला लॅप डान्स. नाव एकच असलं तरी काम, जागा आणि पैसे मिळण्याची रीत वेगळी.

आता आपल्याकडे या. मराठीत लिहिताना हात पटकन ‘बारबाला’ या शब्दाकडे जातो. पण मुंबईच्या डान्स बारमधली बाई साडी किंवा घागरा-चोळी घालून हिंदी गाण्यांवर नाचायची आणि गिऱ्हाईक तिच्यावर नोटा उधळायचं. कपडे उतरवणं हा त्या कामाचा भाग नव्हता. दोन्ही पेशांकडे समाज एकाच नजरेने बघत असेल, पण म्हणून दोन्ही पेशे एक होत नाहीत. तुमच्या डेटात ‘स्ट्रिपर’च्या रकान्यात दोघी बसल्या, तर पुढचं सगळं गणित कितीही सुबक केलंत तरी उत्तर चुकणार.

म्हणून आपली कामचलाऊ व्याख्या अशी: ‘पैसे घेऊन, प्रेक्षकांसमोर, कपडे उतरवत नाचणं हे ज्या पात्राचं काम असल्याचं कथेत स्पष्ट आहे, ते पात्र.’ ती लावली की लगेच एक गाजलेलं नाव अडतं. १९८३ च्या ‘फ्लॅशडान्स’मधली ॲलेक्स दिवसा वेल्डिंग करते आणि रात्री बारमध्ये नाचते, पण ती पूर्ण कपडे उतरवत नाही. तिला घ्यायचं की वगळायचं? दोन्ही चालेल. मात्र काय केलं आणि का केलं ते लिहून ठेवा, आणि निकाल बघून नंतर ठरवू नका.

पायरी २: साचा दिसतोय का?

आता थोडं मोकळेपणाने बघू. या टप्प्याला एक्सप्लोरेटरी म्हणतात. इथे सिद्ध काही करायचं नाही, फक्त वास घ्यायचा.

पहिला साचा: पुरुषाला रसातळाला नेणारी. १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन सिनेमात कॅबरेतल्या लोला लोलाच्या नादी लागून एक प्राध्यापक धुळीला मिळतो. लोला स्ट्रिपर नाही, पण नंतरच्या अनेक पात्रांची ती पणजी आहे. हीच कथा मराठीत व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’मध्ये १९७२ साली आली: कॅबरेच्या जागी तमाशाचा फड, प्राध्यापकाच्या जागी गावचे गुरुजी. देश बदलला, नाच बदलला, पण साचा सहीसलामत इथवर पोचला.

दुसरा साचा: भिंतीवरचा कागद. ‘द सोप्रानोज’ ही मालिका १९९९ ते २००७ चालली. त्यातले माफिया ‘बाडा बिंग’ नावाच्या क्लबात बसून धंद्याच्या गोष्टी करतात आणि मागे बायका नाचत असतात. बहुतेकींना नाव नाही, संवाद नाही. २००१ च्या एका भागात ट्रेसी नावाच्या डान्सरला कथा मिळते, आणि त्याच भागात तिचा खूनही होतो.

तिसरा साचा: नाइलाजाने आलेली आई. १९९६ च्या ‘स्ट्रिपटीज’मध्ये डेमी मूरची नायिका मुलीचा ताबा मिळवण्यासाठी, कोर्टाच्या खर्चापायी नाचते. २००८ च्या ‘द रेसलर’मध्ये मरीसा टोमेईची कॅसिडी मुलाला एकटी वाढवतेय आणि वय वाढल्यामुळे क्लबमध्ये मागे पडतेय.

चौथा साचा सगळ्यात मजेशीर, कारण तो शेवटात लपलेला असतो. त्याला ‘सुटका’ म्हणू. ‘फ्लॅशडान्स’ची ॲलेक्स नृत्यशाळेची ऑडिशन देते. १९९५ च्या ‘शोगर्ल्स’मधली नोमी जशी लिफ्ट मागत लास व्हेगासला येते, तशीच लिफ्ट मागत निघून जाते. २०१२ च्या ‘मॅजिक माइक’चा पुरुष नायकही शेवटी स्टेज सोडतो, त्याला फर्निचरचा व्यवसाय करायचाय. म्हणजे चांगलं माणूस असेल तर ते शेवटी या कामात राहत नाही, असं काहीसं गृहीत दिसतंय. आता कुठे हायपोथिसिसचा वास यायला लागला.

पण थांबा. २०१९ च्या ‘हसलर्स’मधल्या बायका वॉल स्ट्रीटच्या गिऱ्हाइकांना गुंगीचं औषध देऊन त्यांची क्रेडिट कार्डं रिकामी करतात. त्या बिचाऱ्याही नाहीत, भिंतीवरचा कागदही नाहीत. म्हणजे ‘वाईट दाखवतात की चांगलं’ हा प्रश्नच तोकडा आहे. आपल्या लाडक्या साच्यात न बसणारं उदाहरण मुद्दाम शोधायचं असतं, ते यासाठीच.

पायरी ३: यादी म्हणजे सॅम्पल नव्हे

वर दिलेले सिनेमे कसे निवडले? आठवले तसे. आठवणीत राहतात ते गाजलेले, पुरस्कार मिळालेले किंवा बदनाम झालेले सिनेमे. ‘शोगर्ल्स’ला वर्षातला सर्वात वाईट चित्रपट म्हणून रॅझी मिळाला, म्हणून तो लक्षात आहे. त्याच वर्षी आलेल्या आणि कुणालाच न आठवणाऱ्या सिनेमांत काय होतं? ते आपल्या यादीत नाही, म्हणून आपल्या निष्कर्षातही नाही.

उपाय म्हणजे सॅम्पलिंग फ्रेम. आधी चौकट आखा: उदाहरणार्थ, १९९० ते २०२४ या काळात अमेरिकेत दरवर्षी सर्वाधिक कमाई केलेले पहिले १०० सिनेमे. मग त्यातले आपल्या व्याख्येत बसणारं पात्र असलेले सगळे घ्या, आवडो न आवडो. या चौकटीचाही पक्षपात आहे, छोटे सिनेमे सुटतात. पण तो पक्षपात उघड आहे, वाचकाला दिसतो. आठवणीचा पक्षपात दिसतच नाही.

आणि युनिट ठरवा. तुम्ही सिनेमा मोजताय की पात्र? एका सिनेमात एक नायिका आणि मागे नाचणाऱ्या दहा निनावी बायका असतील, तर सिनेमा मोजल्यावर ‘बोलणारी स्ट्रिपर’ १०० टक्के, आणि पात्रं मोजल्यावर ९ टक्के. डेटा तोच, निष्कर्ष उलटा.

पायरी ४: कोडबुक आणि कापा

आता ‘नजर’ मोजायची आहे. लॉरा मल्वी यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडलं की सिनेमात तीन नजरा असतात: कॅमेऱ्याची, प्रेक्षकांची आणि पात्रांची एकमेकांकडे बघण्याची, आणि मुख्य प्रवाहातला सिनेमा या तिन्ही नजरा पुरुषाच्या जागेवरून लावतो. मांडणी जबरदस्त आहे, पण ती थेट एक्सेल शीटमध्ये जात नाही. तिचं मोजता येईल अशा प्रश्नांत रूपांतर करावं लागतं. जसं की:

– पात्राला नाव आहे का? 
– कामाशी संबंध नसलेला एक तरी संवाद आहे का? 
– नाचाच्या दृश्यात चेहरा न दिसता फक्त शरीर दिसतं असे शॉट किती? 
– कामाची जागा सोडून ती इतरत्र दिसते का? 
– शेवटी ती हे काम सोडते का?

शेवटचा प्रश्न सोपा वाटतो ना? २०२४ च्या ‘अनोरा’ला लावून बघा. त्याला कान महोत्सवात पाम दोर आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले. नायिका मधेच क्लब सोडते, लग्न करते, लग्न मोडतं, आणि पुढे ती काय करणार हे सिनेमा सांगत नाही. हे ‘सोडते’ की ‘सोडत नाही’? ‘मॅजिक माइक’चा नायक काम सोडतो, पण २०१५ च्या पुढच्या भागात पुन्हा नाचायला येतो. मग?

म्हणून दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता कोडिंग करायचं आणि जुळतंय का ते बघायचं. समजा, ५० सिनेमे आहेत. ३० मध्ये दोघांनी ‘सोडते’ म्हटलं, १० मध्ये दोघांनी ‘नाही’ म्हटलं, आणि उरलेल्या १० मध्ये मतभेद, प्रत्येकी पाच-पाच. जुळणी ४० म्हणजे ८० टक्के. छान वाटतं. पण प्रत्येकाने ५० पैकी ३५ वेळा, म्हणजे ७० टक्के वेळा, ‘सोडते’ म्हटलंय. दोघांनी डोळे मिटून त्याच प्रमाणात उत्तरं दिली असती, तरी ०.७ × ०.७ अधिक ०.३ × ०.३, म्हणजे ५८ टक्के वेळा उत्तर जुळलंच असतं. जेकब कोहेन यांनी १९६० साली दिलेला कापा हा नशिबाचा भाग वजा करतो: (०.८० − ०.५८) भागिले (१ − ०.५८), उत्तर साधारण ०.५२. म्हणजे बेताचीच जुळणी. अशा वेळी आकडा रेटायचा नाही. कोडबुककडे परत जायचं आणि ‘सोडते’ची व्याख्या घट्ट करायची.

पायरी ५: जे दिसत नाही ते मोजा

नवशिके संशोधक पडद्यावर असलेलं मोजतात. नसलेलं मोजायला आधी खरं जग माहीत असावं लागतं.

अमेरिकेतल्या अनेक क्लबांत डान्सरला पगार नसतो. तिला कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानतात. उलट तीच क्लबला त्या रात्री काम करण्याचे पैसे देते, त्याला हाउस फी म्हणतात. शिवाय डीजे, बाउन्सर यांना टिपमधला वाटा द्यावा लागतो. यावरून तिथे कितीतरी दावे झालेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लस्टी लेडी’मधल्या डान्सर्सनी १९९० च्या दशकात युनियन बांधली, १९९७ मध्ये करार मिळवला, आणि २००३ मध्ये तो व्यवसायच विकत घेऊन सहकारी तत्त्वावर २०१३ पर्यंत चालवला. त्या लढ्यावर त्यांच्यातल्याच एकीने सहदिग्दर्शित केलेली ‘लिव्ह न्यूड गर्ल्स युनाइट!’ ही डॉक्युमेंटरी २००० साली आली. २०२३ मध्ये लॉस एंजलिसच्या ‘स्टार गार्डन’मधल्या डान्सर्स रंगमंच कलाकारांच्या युनियनमध्ये सामील झाल्या.

आता कोडबुकात एक नवा प्रश्न घाला: ‘पैसा कुठून कुठे जातो हे सिनेमा दाखवतो का?’ ‘हसलर्स’ दाखवतो: रात्रभराच्या कमाईतून कोण किती कापून घेतं ते. ‘अनोरा’तली नायिका मालकाला आरोग्यविमा आणि पेन्शनवरून सुनावते. पण मागे नाचणाऱ्या निनावी बायकांच्या दृश्यात हे येणार कुठून? माझ्या मते ‘चांगलं-वाईट’ या प्रश्नापेक्षा हा प्रश्न कितीतरी जास्त फळ देईल. बदनामी आणि सहानुभूती या दोन्हींत एक गोष्ट सारखीच गाळली जाते: ते काम आहे.

पायरी ६: आपल्याच घरात बघा

सिनेमावाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. विज्ञान काय करतं?

२००७ मध्ये जेफ्री मिलर, जोशुआ टायबर आणि ब्रेंट जॉर्डन यांचा एक पेपर आला. प्रश्न असा: पाळीच्या चक्रातल्या टप्प्यानुसार लॅप डान्सर्सच्या टिपा बदलतात का? १८ डान्सर्सनी ६० दिवस वेबसाइटवर स्वतःची कमाई आणि पाळीची माहिती नोंदवली. पाच तासांच्या पाळीमागे, म्हणजे शिफ्टमागे, सरासरी अशी निघाली: गर्भधारणेच्या दृष्टीने अनुकूल दिवसांत सुमारे ३३५ डॉलर, त्यानंतरच्या टप्प्यात २६०, आणि मासिक पाळीच्या दिवसांत १८५. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तो चढ दिसला नाही. पुढच्या वर्षी या पेपरला इग नोबेल मिळालं आणि बातम्यांतून तो जगभर फिरला.

बातमीच्या मथळ्यात काय उरतं? ‘पुरुषांना नकळत कळतं.’ आता पेपरकडे संशोधकाच्या नजरेने बघा. १८ जणी, त्यातल्या गोळ्या न घेणाऱ्या फक्त ११. कमाई स्वतः सांगितलेली. गिऱ्हाइकांचं निरीक्षण झालंच नाही, त्यामुळे फरक त्यांच्या नजरेमुळे पडला की डान्सरच्या उत्साहामुळे, की पाळीच्या दिवसांत पोटात दुखत असताना कमी गिऱ्हाइकांकडे गेल्यामुळे, हे या डेटातून वेगळं काढता येत नाही. एकाच व्यक्तीची वेगवेगळ्या दिवसांशी तुलना करणं ही या डिझाइनची खरी ताकद आहे, ती मान्यच. पण ‘कमाई बदलली’ इथून ‘पुरुषांना कळतं’ इथपर्यंतची उडी मथळ्याने मारली.

आणि त्या मथळ्यात डान्सर कुठे आहे? गिऱ्हाईक ओळखणं, बोलण्यात गुंतवणं, कधी उठून जायचं ते कळणं, हे सगळं कौशल्य गळून पडलं आणि कमाई म्हणजे निव्वळ हार्मोनचा खेळ ठरला. ‘बाडा बिंग’च्या कॅमेऱ्याने जे केलं, तेच इथे बार ग्राफने झालं.

पायरी ७: यात कुणाचं काय पणाला लागतं?

‘सिनेमाच तर आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्या राज्यातलं उदाहरण. तब्बूचा ‘चांदनी बार’ २००१ मध्ये आला: दंगलीत घर गमावलेली मुलगी, बार, अत्याचार, आणि शेवटी मुलाच्या हातून खून. चार वर्षांनी, २००५ मध्ये, महाराष्ट्राने पोलिस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारवर बंदी आणली. सिनेमामुळे बंदी आली, असं मी म्हणत नाहीये. दोन गोष्टी मागेपुढे घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, आणि चित्रण मोजणं म्हणजे परिणाम मोजणं नव्हे. परिणामासाठी प्रेक्षकांवर वेगळा अभ्यास लागतो. मुद्दा इतकाच की बंदीच्या समर्थनात जी दोन चित्रं पुढे आली, ‘शोषित अबला’ आणि ‘समाज बिघडवणारी’, ती आपल्या कोडबुकातली ओळखीची चित्रं होती.

त्या वेळी एसएनडीटी विद्यापीठातल्या आणि स्त्री-संघटनेच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. ५० बारमधल्या ५०० बायकांना जाऊन विचारलं: कुठून आलात, घरी कोण, कमाई किती, कामाची परिस्थिती कशी? हे अभ्यास कोर्टासमोर आले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट देणारा भेद कोर्टाला पटला नाही, आणि बंदीमुळे अनेक बायकांना देहविक्रयाकडे वळावं लागल्याची नोंदही निकालात आहे. म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठी कायदा केला, त्यांचंच नुकसान झालं.

५०० जणींची प्रश्नावली काही फार झगमगीत पद्धत नाही. पण ‘असं वाटतं’च्या गदारोळात तिने ‘असं आहे’ मांडलं.

जाता जाता: एथिक्स आणि गृहपाठ

या विषयावर पुढे मुलाखती घेणार असाल, तर नुसतं नाव बदलून भागत नाही. क्लबचं नाव, वय, गाव आणि मुलांची संख्या एकत्र छापली तर ओळख पटते, आणि घरच्यांना माहीत नसलेलं काम तुमच्या थिसिसमुळे उघड होऊ शकतं. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममधला तो कंटाळवाणा रकाना यासाठी असतो. तुम्हाला मिळते पदवी, जोखीम असते तिच्यावर.

गृहपाठ छोटाच आहे. तुमच्या विषयाबद्दल ‘नेहमी’ किंवा ‘कायम’ हा शब्द असलेलं एक वाक्य लिहा. त्याखाली पाच ओळी: व्याख्या काय, चौकट कोणती, युनिट कोणतं, साच्यात न बसणारं उदाहरण कोणतं, आणि काय दिसत नाहीये? एक मित्र किंवा मैत्रीण पकडा, दोघांनी दहा-दहा नमुने स्वतंत्रपणे कोड करा आणि कापा काढा. तो ०.५ च्या आसपास आला तर निराश होऊ नका. कोणती व्याख्या सैल आहे ते तुम्हाला सिनॉप्सिस जमा करायच्या आधीच कळलं, एवढं समजा. व्हायवाच्या दिवशी कळण्यापेक्षा ते कधीही बरं.